प्रतिकृतीतील रेल्वे फाटक : मोजमाप, रस्ता आणि माणूस

शालेय प्रदर्शनात मांडलेल्या रेल्वेच्या प्रतिकृतीभोवती नेहमीच गर्दी होते. इंजिन धावते, डबे वळण घेतात, लहान मुले टाळ्या वाजवितात. परंतु थोडे थांबून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, बहुतेक प्रतिकृतींत रेल्वे असते आणि गाव नसते. रस्ता असलाच तर तो काळ्या कागदाची पट्टी होऊन रुळापाशी येतो, तेथे तुटतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. रूळ आणि रस्ता यांची भेट जेथे होते ते रेल्वे फाटक हे वास्तविक प्रतिकृतीचे सर्वांत बोलके स्थळ होय. भूमिती, वीज, रस्तेबांधणी, कायदा आणि श्रमाचा इतिहास हे सारे तेथे हातभर जागेत एकत्र येते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही हा पाठ विद्यार्थ्यांपुढे आणि प्रदर्शनाची जबाबदारी सांभाळणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

१. आधी निरीक्षण

प्रतिकृतीची सुरुवात डोळ्यांनी व्हावी, कात्रीने नव्हे. आपल्या गावाजवळचे एखादे फाटक निवडावे आणि शिक्षकांसमवेत रस्त्याच्या बाजूने, फाटकाबाहेर उभे राहून ते पाहावे. मोजमाप घेण्यासाठी रुळांवर जाऊ नये. तो गुन्हा आहे आणि जिवावरचा धोकाही आहे. मोजमाप दुरूनही घेता येते. आपल्या देशातील ब्रॉडगेज मार्गावर काँक्रीटच्या स्लीपरची लांबी २.७५ मीटर असते आणि दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असते. समोरून छायाचित्र घेतले की हे ज्ञात माप पट्टीसारखे वापरून त्याच अंतरावरील रस्त्याची रुंदी व खांबांची उंची काढता येते. इयत्ता सातवी-आठवीतील गुणोत्तर-प्रमाणाचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी ठाऊक नाही.

वहीत पुढील गोष्टींची नोंद करावी. रस्ता रुळांना काटकोनात भेटतो की तिरका? रुळांच्या मध्ये डांबर आहे, काँक्रीटचे ठोकळे आहेत की रबरी फरशा आहेत? गतिरोधक फाटकापासून किती पावलांवर आहे? फाटकवाल्याची खोली कोणत्या बाजूस आहे, आणि तिच्या दारातून दोन्ही दिशांचे रूळ दिसतात काय? पावसाचे पाणी कोठून वाहून जाते? या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या वहीत आहेत, त्याची प्रतिकृती निम्मी तयार झालीच म्हणून समजावे.

२. प्रमाणाचे गणित

बाजारात सहज मिळणाऱ्या विजेवरील रेल्वेसंचांत ‘एच-ओ’ हे प्रमाण सर्वाधिक प्रचलित आहे. यात खऱ्या वस्तूचे ८७ मिलिमीटर म्हणजे प्रतिकृतीतील १ मिलिमीटर. या संचातील रुळांचे अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्यास ८७ ने गुणले की सुमारे १४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेतील प्रमाणित मार्गाचे माप होय. आपला मार्ग १६७६ मिलिमीटरचा आहे. त्याचे प्रमाणबद्ध अंतर १९.३ मिलिमीटर भरते. म्हणजे विकतचा रूळ आपल्या रेल्वेसाठी जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद ठरतो.

यावर दोन मार्ग आहेत. गाडी चालवावयाची नसेल तर रूळ स्वतः तयार करून १९.३ मिलिमीटरवर बसवावेत. गाडी चालवावयाची असेल तर विकतचा रूळ स्वीकारावा आणि प्रतिकृतीशेजारच्या फलकावर हा फरक स्पष्ट लिहावा. कोणत्या तडजोडी केल्या हे सांगणे हा शास्त्रीय वृत्तीचाच भाग आहे.

इतर मापे १ : ८७ या प्रमाणात अशी येतात. दोनपदरी रस्ता ७ मीटर, म्हणजे ८० मिलिमीटर. एकपदरी रस्ता ३.७५ मीटर, म्हणजे ४३ मिलिमीटर. २.६ मीटर रुंदीचा मालट्रक ३० मिलिमीटर. १६५ सेंटीमीटर उंचीचा माणूस १९ मिलिमीटर. काँक्रीटच्या स्लीपरची लांबी ३१.६ मिलिमीटर. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर उंची मर्यादित करणारी लोखंडी चौकट असते. तिची ४.६७ मीटर उंची प्रतिकृतीत ५४ मिलिमीटर होते. वरील विजेची तार फाटकावर किमान ५.५ मीटर, म्हणजे ६३ मिलिमीटर उंचीवर येते. या दोन आकड्यांतील अंतर हेच त्या चौकटीचे कारण आहे. उंच भरलेली मालमोटार तारेला भिडण्याआधी चौकटीला अडावी, ही तिची योजना आहे.

काही मापे मात्र टेबलावर मावत नाहीत. फाटकापूर्वी ६०० मीटरवर चालकाला शिटी वाजविण्याची सूचना देणारा पिवळा फलक असतो. त्यावर हिंदीत ‘सी/फा’ अशी अक्षरे असतात. सहाशे मीटर म्हणजे प्रतिकृतीत जवळजवळ सात मीटर! अशा ठिकाणी अंतर आखडून घ्यावे लागते. फलक टेबलाच्या कडेला लावावा, परंतु वस्तूंचा क्रम बदलू नये. आधी फलक, मग सिग्नल, मग फाटक. अंतर आखडले तरी क्रम खरा राहिला तर पाहणाऱ्यास रेल्वेची रीत समजते.

३. रस्त्याचा चढ

रूळ जमिनीच्या वर असतात, हे आपण रोज पाहतो आणि प्रतिकृती करताना विसरतो. बुचाचा थर, खडी, स्लीपर आणि रूळ मिळून रुळाचा माथा पाटापासून साधारण ९ मिलिमीटर वर येतो. रस्त्याला तेवढे चढावे लागते. दर वीस एककांमागे एक एकक चढ धरला तर ९ मिलिमीटरसाठी १८ सेंटीमीटर लांबीचा उतार प्रत्येक बाजूस लागेल. शिवाय रुळालगत काही सेंटीमीटर रस्ता अगदी सपाट ठेवावा. चढ संपताच रूळ लागला तर लांब गाडीचे पोट तेथे टेकते. खऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली रुळांवर अडकण्याचे हे एक कारण असते. प्रतिकृतीत एखादी खेळण्यातील मोटार हाताने ढकलून हे पडताळून पाहता येते.

उतारासाठी जाड पुठ्ठ्याच्या त्रिकोणी पट्ट्या उभ्या चिकटवाव्यात आणि त्यांवर पातळ पुठ्ठा अंथरावा. रस्त्याचा मध्य कडांहून किंचित उंच असावा, कारण खरा रस्ता पाणी दोन्ही बाजूंना ढाळतो. पुठ्ठ्याखाली मध्यावर एक जाड दोरा ठेवला तरी एवढी उंची मिळते.

४. रुळांमधील भाग

हे सर्वांत नाजूक काम आहे. आधी रूळ पक्के करून सर्व गाड्या दोन्ही दिशांनी चालवून पाहाव्यात. रस्ता झाल्यावर रुळांतील दोष सुधारणे फार कठीण जाते.

रेल्वेच्या चाकाला आतील बाजूस कडा असते. तिच्या वाटेसाठी रुळालगत खाच मोकळी राहिली पाहिजे. खऱ्या फाटकात रुळाच्या आत समांतर असा दुसरा रूळ बसविलेला असतो. त्यास चेकरेल म्हणतात. त्यामुळे ही खाच डांबराने किंवा दगडाने बुजत नाही. ब्रॉडगेजवर तिची रुंदी ५१ ते ५७ मिलिमीटर ठेवतात. ८७ ने भागले तर सुमारे ०.६ मिलिमीटर येते. तथापि, खेळण्याच्या चाकाची कडा प्रमाणाहून जाड असते, म्हणून प्रतिकृतीत सव्वा मिलिमीटर खाच ठेवावी लागते. येथे कागदावरच्या गणितापेक्षा चाकाचे ऐकावे.

पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे थर एकावर एक चिकटवून मधला भाग भरावा. त्याची वरची पातळी रुळाच्या माथ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली असावी. ती वर राहिली तर इंजिनाची चाके उचलली जातात, विजेचा संपर्क तुटतो आणि गाडी नेमकी फाटकात थांबते. रूळ पुसतानाही उंच भाग अडतो. चेकरेल दाखविण्यासाठी प्लास्टिकची बारीक पट्टी वापरावी. धातूची तार वापरू नये. दोन्ही रुळांत १२ व्होल्टचा विरुद्ध ध्रुवांचा पुरवठा असतो. धातूचा तुकडा दोन्हींना टेकला की लघुमंडल झालेच.

प्रथम एक डबा हाताने हळू ढकलावा. कोठे खट् असा आवाज आला तर तेथे पेन्सिलीची खूण करून पॉलिशपेपरने घासावे. नंतर इंजिन अगदी कमी वेगाने न्यावे. वेगात चालणारी गाडी दोष लपविते, संथ गाडी ते दाखविते.

५. रंग आणि पृष्ठभाग

डांबरी रस्ता काळा असतो ही समजूत प्रथम सोडावी. नवा रस्ता काही आठवडेच काळा राहतो. उन्हापावसाने आणि धुळीने तो करडा होतो. करड्या रंगात थोडा तपकिरी मिसळावा. चाकांच्या वाटेवर छटा किंचित गडद ठेवावी. फाटकापाशी वाहने थांबतात, म्हणून तेथे तेलाचे एक-दोन पुसट डाग द्यावेत. कडेला मुरमाची तांबूस पट्टी, तिच्यापुढे वाळके गवत. काँक्रीटचे षट्कोनी ठोकळे दाखवावयाचे असल्यास पुठ्ठ्यावर बोथट टोकाने रेघा ओढून त्यांत पातळ काळा रंग सोडावा व वरचा लगेच पुसून घ्यावा.

खडीसाठी बारीक चाळलेली वाळू चालते, परंतु तिच्यातून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक अवश्य फिरवावा. आपल्या नद्यांच्या वाळूत लोहाचे काळे कण असतात. ते इंजिनाच्या मोटारीतील चुंबकाला चिकटून मोटार खराब करतात. वाळू पसरून तिच्यावर पाण्यात निम्मे पातळ केलेले फेविकॉल थेंबाथेंबाने सोडावे. त्यात साबणाचे दोन थेंब असले की ते आतपर्यंत मुरते. रंग व गोंद वाळेपर्यंत रुळांचे माथे चिकटपट्टीने झाकून ठेवावेत.

६. फाटक आणि सिग्नल यांचे नाते

फाटकाचा दांडा बांबूच्या काडीचा किंवा प्लास्टिकच्या नळीचा करता येतो. पट्टे आपण पाहिलेल्या फाटकावर असतील तेच द्यावेत. मध्ये लाल तबकडी लावावी. फाटक वळणावर नसावे, असल्यास सर्वांत लांब डबा आधी फिरवून पाहावा. २१.३४ मीटरचा डबा प्रतिकृतीत २४५ मिलिमीटर होतो आणि वळणावर त्याची टोके बरीच बाहेर झुकतात.

आता खरी शिकवण. अनेक फाटके सिग्नलशी जोडलेली असतात. फाटक बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल देताच येत नाही. हे तत्त्व आपण साध्या विजेच्या मंडलाने दाखवू शकतो. फाटकापूर्वी सुमारे ५० सेंटीमीटर लांबीचा एका रुळाचा भाग दोन्ही टोकांना कापून वेगळा करावा. त्याला वीज दांड्याखाली बसविलेल्या कळीतून द्यावी. दांडा खाली आला की कळ दाबली जाते आणि वीज मिळते. दांडा वर असेल तर त्या भागात वीज नसते आणि येणारे इंजिन आपोआप थांबते. गाडी एकाच दिशेने चालविली तर एवढे पुरते. दोन्ही दिशांनी चालवावयाची असल्यास दुसऱ्या बाजूसही असाच भाग हवा. सुरक्षा ही माणसाच्या स्मरणशक्तीवर सोपविलेली नसून ती रचनेतच गुंफलेली आहे, हे विद्यार्थ्याला येथे बोटाने दाखविता येते. भल्या माणसाच्या मर्जीवर न विसंबता व्यवस्थाच अशी घडवावी की अन्याय करणे अवघड व्हावे, हा विचार संविधानाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही.

७. कायदा काय सांगतो

ब्रॉडगेज मार्गावरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आली. तत्पूर्वीच्या काळासाठी आणि जेथे रखवालदार नाही अशा कोणत्याही फाटकासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १३१ लक्षात ठेवण्याजोगे आहे. चालकाने वाहन थांबवावे, वाहक किंवा मदतनीसाने पुढे चालत जाऊन दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही याची खात्री करावी, सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून ते करावे, असे ते कलम सांगते. बंद फाटक बेकायदा उघडणे अथवा तोडणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६० अन्वये तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

प्रतिकृतीत दांड्याखालून सायकल काढणारा माणूस दाखवावा काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. आमचे मत असे की, दाखवावा, कारण तो आहे. मात्र त्याच्याशेजारी फलक असावा आणि त्यावर हे कलम लिहावे. वास्तव लपवून सुरक्षितता शिकविता येत नाही. धम्मात जिला सम्यक स्मृती म्हटले आहे, ती जागरूकता रुळापाशी उभे राहिलेल्या मुलाला अक्षरशः जिवंत ठेवते. आपली अनेक मुले सुटीत घरी जाताना असे फाटक पायी ओलांडतात. त्यांच्यासाठी हा पाठ केवळ प्रदर्शनापुरता नाही.

८. प्रतिकृतीतील माणूस

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्या रुळांखालची खडी कोणी टाकली, रूळ कोणी उचलले, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. रेल्वेतील अस्पृश्य कामगार गँगमनच्या कामातच अडकून पडतो, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. हमालाची जागासुद्धा त्याला मिळत नसे. कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागत आणि तेथे त्याचा स्पर्श चालत नसे. रूळ ज्याच्या हातांनी सरळ राहतो त्याला फलाटावर मात्र जागा नाही, अशी ही व्यवस्था होती.

रस्त्याचीही तीच कथा. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगाव स्थानकावर उतरले तेव्हा त्यांना घेऊन जाण्यास एकही टांगेवाला तयार झाला नाही. अखेर टांगा हाकण्याची सवय नसलेल्या एका समाजबांधवाने तो हाकला, आणि महारवाड्याच्या वाटेवरील नदीच्या मोरीवर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. स्थानकापासून वस्तीपर्यंतचे अंतर थोडेच होते, ते अवघड केले ते जातीने. म्हणून प्रतिकृतीत रस्ता काढताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो : हा रस्ता कोठे जातो? फाटकापलीकडे कोण राहते? दवाखाना कोणत्या बाजूस आहे आणि शाळा कोणत्या?

या दृष्टीने आमच्या सूचना अशा. फाटकवाल्याच्या खोलीपाशी तो स्वतः उभा असावा. त्याच्या हाती लाल व हिरवे निशाण असावे. रुळांवर वाहन अडकले तर लाल निशाण दाखवून आणि रुळावर इशाऱ्याचे फटाके लावून गाडी थांबविणे हे त्याचे काम. शंभर पावलांवर रूळ तपासणारे दोन-तीन कामगार असावेत, ज्यांना आज ट्रॅकमेंटेनर म्हणतात. रस्त्यावर दप्तर घेतलेल्या मुली, सायकलवाला, ऊस भरलेली ट्रॉली असावी. एकोणीस मिलिमीटरच्या या माणसांना मातीचे वा मेणाचे अंग पुरे, चेहरा नसला तरी चालेल. परंतु त्यांना जागा हवी आणि फलकावर त्यांच्या कामाचे नाव हवे.

चांगली प्रतिकृती ही लहान केलेली वस्तू नसते, लहान करून नीट पाहिलेली वस्तू असते. ज्या मुलाने चाकाच्या कडेसाठी सव्वा मिलिमीटर जागा राखली, तो मोठेपणी माणसासाठीही जागा राखील, एवढा विश्वास बाळगण्यास शिक्षकाला हरकत नसावी.

स्वाध्याय

१. आपल्या टेबलाची लांबी १८० सेंटीमीटर आहे. १ : ८७ प्रमाणात ती खऱ्या किती मीटरची होईल? त्यात शिटीचा फलक बसेल काय?

२. रुळाचा माथा पाटापासून १२ मिलिमीटर वर असेल आणि उतार वीसास एक ठेवावयाचा असेल, तर प्रत्येक बाजूस किती लांबीचा उतार लागेल?

३. वरील विद्युतमंडलात इंजिन फाटकावर आल्यानंतर दांडा उचलला तर काय होईल? गाडी पूर्ण जाईपर्यंत दांडा उचलताच येऊ नये, यासाठी काय जोडावे लागेल?

४. आपल्या गावातील अथवा नातलगांपैकी रेल्वेत गँगमन, फाटकवाले किंवा हमाल म्हणून काम केलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीस भेटा. त्यांच्या कामाचा एक दिवस त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि तो कागद प्रतिकृतीशेजारी लावा.